निकुंभसाहेबांचा श्वास

६ जानेवारी
कामरेजच्या पुढे, तापीकाठी, उसाच्या फडांमागे निकुंभ लोकसंवाद केंद्र आहे. पोचल्या पोचल्या स्वयंपाकघरातून पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, शेव आणि लिंबू आलं. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, इंटरनेट चांगलं आहे, आणि घरी कोण कोण असतं हे कोणी विचारलं नाही. जागा मला आवडली.

काम स्पष्ट आहे. त्र्यंबकराव निकुंभ एका दूरच्या राज्याचे राज्यपाल होते. निवृत्तीनंतर मरेपर्यंत इथे राहून साध्या माणसांना सभेत बोलायला शिकवायचे. त्यांच्या भाषणांच्या टेपा साफ करून संगणकावर घ्यायच्या. मी ध्वनितंत्रज्ञ आहे, खरखर काढणं हे माझं रोजचं काम. प्रत्येक भाषण 'दोन शब्द नम्रपणे' असं सुरू होतं. साहेबांना दमा होता. 'परंतु' म्हणण्याआधी ते श्वास घेतात आणि त्यात बारीक शिट्टी वाजते. संचालिका वंदनाताई म्हणाल्या, बाकी सगळं काढा, श्वास तेवढा राहू द्या.

८ जानेवारी
भेस्तानहून बायकांचं शिबिर आलं. बहुतेक खानदेशातल्या, घरचे लूमवर कामाला. पुढारी प्रमिलाबाई, सोबत त्यांची सून सुषमा. माझे हेडफोन बघून प्रमिलाबाईंनी विचारलं, पोरी, हाई डबडं कानले लाईसन काय आयकस, नवरा बोलस का त्यामा? नवरा नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मंग बरं शे, बंद तं करता येस.

त्यांना सरकारकडे अर्ज लिहायचा आहे. वीरमती डाइंग ही गिरणी रंगाचं पाणी नाल्यात सोडते, ते यांच्या बोअरमध्ये उतरतं. प्रमिलाबाईंच्या नातवाच्या पाठीवर चट्टे आहेत. गिरणीचं नाव पहिल्याच ओळीत हवं, असा त्यांचा हट्ट.

इथे मतदान होत नाही. साहेबांना बहुमत आवडत नसे. ठराव एकमतानेच करायचा, त्यात नोकरवर्गही धरतात. जो अडेल त्याने जेवणानंतर मननकक्षात बसून साहेबांचं भाषण ऐकायचं, आणि मग पुन्हा सभा. रीत वाईट वाटली नाही. निदान ऐकायला तरी लावतात.

१० जानेवारी
वंदनाताईंनी सुचवलं, अर्जात नाव नको, 'काही उद्योग' लिहा, सौम्य अर्ज लवकर वाचला जातो. संमतीचे हात वर होत गेले. प्रमिलाबाई म्हणाल्या, माले नई पटनं. आणि विचारलं, नातवाच्या पाठीवर काय 'काही उद्योग' उठलेत?

पाण्याच्या कूलरवर देणगीदारांची पाटी आहे. शेवटचं नाव खरवडलेलं आहे. मला वाटलं, गिरणीचंच असणार, कळलं सगळं.

प्रमिलाबाई मननकक्षात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तुना साहेबले सांग, माले झोप लागी जाई. चहाच्या वेळी बाहेर आल्या आणि सभेत उभ्या राहिल्या. दोन शब्द नम्रपणे, म्हणाल्या. नाव महत्त्वाचं आहे, परंतु समाज त्याहून महत्त्वाचा आहे.

एकही शब्द त्यांच्या बोलीतला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

११ जानेवारी
मननकक्षात एक खुर्ची आणि एक स्पीकर आहे. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर उघडा पडलाय, काल सकाळपासून. म्हणजे काल तिथे काहीच वाजू शकत नव्हतं. प्रमिलाबाईंना विचारलं, काय ऐकलंत? साहेब छान बोलले, म्हणाल्या.

सभांचं रेकॉर्डिंग मीच करते. काल सकाळच्या प्रमिलाबाई आणि संध्याकाळच्या प्रमिलाबाई पडद्यावर एकाखाली एक ठेवल्या. संध्याकाळी 'परंतु'च्या आधी शिट्टी आहे. साहेबांचा श्वास त्यावर ठेवून पाहिला. रेषेवर रेष बसली.

सुषमाला विचारलं, सासूबाईंना दमा आहे का? कधीच नव्हता, म्हणाली. मग हसून म्हणाली, ताई, जन्मात पहिल्यांदा गोड बोलतायत, आणखी महिनाभर ठेवून घ्या.

१४ जानेवारी
उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. नदीपलीकडच्या गच्च्यांवर भोंगे, आरडाओरडा. आम्हीही गच्चीवर, उंधियू आणि जलेबी घेऊन. डोक्यावरच एक पतंग कापला गेला. आमच्यातलं कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

शिट्टी ऐकू आली. सगळ्यांची एकच. वंदनाताईंची. सुषमाचीसुद्धा.

१५ जानेवारी
उद्या अर्ज जाणार. आजच्या सभेत मी म्हटलं, वीरमती डाइंगचं नाव राहू दे. मी अडून बसले की तो नावाशिवाय जाऊ शकत नाही, त्यांचाच नियम. गेट उघडं आहे. पण मी निघाले की एकमत होणार.

वंदनाताई रागावल्या नाहीत. जेवून घ्या, म्हणाल्या, मग बसा थोडं.

बसणार आहे. अ‍ॅम्प्लिफायर अजून माझ्याच टेबलावर आहे, तरी स्पीकरच्या तारेला मीटर लावते. हातात माझा रेकॉर्डर. सुई हलली नाही तर आत काही येत नाही, हे सिद्ध होईल.

संध्याकाळ
सुई शून्यावर होती. पूर्ण वेळ. काही वाजलं नाही.

खुर्ची कोमट होती — आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

रेकॉर्डिंग ऐकलं. खोलीत एकच माणूस श्वास घेतंय. मीच — पण शिट्टी —

मोजत होते ते तारेतलं. ते तारेतून येतच नव्हतं.

१६ जानेवारी
सकाळची सभा बाकी आहे. नाही म्हणायचं. नाव घ्यायचं. एवढंच.

विसरू नये म्हणून गिरणीचं नाव इथे लिहून ठेवते —

गिरणीचं नाव —

काही उद्योग. नाही. ते नाही. मागच्या पानावर आहे. मीच लिहिलंय, माझ्या अक्षरात. पान उलटायचं, बस —

खाली सगळ्याजणी बसल्यात. वाट बघतायत. इथवर ऐकू येतंय —

दोन शब्द नम्रपणे. पान उलटता येईल, परंतु