गुळाचा खडा

प्रिय आईस, डोंबिवलीहून तुझ्या रत्नदीपचा जय भीम.

मी बरा आहे, जेवतो वेळेवर. कंपनीत धूळ ओढायचं मोठं मशीन आहे, पण त्याच्या कापडी पिशव्या फाटल्यात, म्हणून ते बंदच असतं. सुपरवायझरला बोललेलो. तो रोज हातावर गुळाचा खडा ठेवतो, "अरे खा, छाती साफ होते!" काम सोडलं तर खोलीपण जाईल, ती कंपनीचीच आहे ना. फोनवर बोलताना खोकला येतो, म्हणून लिहितोय.

तुझे गुडघे कसे आहेत?

प्रशांत, भावा, हे तूच आईला वाचून दाखवशील. मशीनचं आणि खोकल्याचं गाळ. रोज गूळ मिळतो, एवढंच वाच. आणि तू इकडे कामाला येऊ नकोस रे.

तुमचाच,
रत्नदीप