आर्गीरिसची हनुवटी

रविवार, ५ नोव्हेंबर

गेला जीव! कर्टिसनं आज भर गर्दीत विचारलं. आमच्या डायनरची सगळी टेबलं भरलेली, बाहेर फुटपाथवर रांग, आणि हा सरळ तव्यासमोर जाऊन उभा. "मिस्टर आर्गीरिस, मला देस्पिनाशी लग्न करायचंय. तुमची परवानगी हवी."

माझ्या नवऱ्यानं हातातलं उलथणं खालीसुद्धा ठेवलं नाही. हनुवटी वर उडवली, भुवया चढवल्या. झालं! आम्हा ग्रीकांत हे स्वच्छ 'नाही'. अमेरिकनांना मात्र त्यात 'हो' दिसतं. कर्टिस ओरडला, "हो म्हणाले!" अख्खं डायनर टाळ्या पिटायला लागलं. देस्पिना आतून ताटं घेऊन आली, तिच्या कानावर नुसत्या टाळ्या. ढसाढसा रडली पोर.

नवऱ्याच्या हनुवटीचा अर्थ कळला तो मला एकटीला.

सोमवार, ६ नोव्हेंबर

"मी नाही म्हटलंय," आर्गीरिस म्हणतो.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"त्या गोंधळात कोण ऐकणार? रविवारी त्याचे आईबाप येतायत ना ओहायोहून? त्यांच्या तोंडावरच सांगतो. लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणे! ना आपली भाषा, ना आपलं चर्च."

ऑगस्टपासून बापलेकीचा अबोला आहे, तो या कर्टिसपायीच. तव्यापासून दोन हातांवर उभी राहून ती मला सांगते, "आई, बाबांना म्हणावं, दोन फेटा चीज ऑम्लेट." मी सांगते. तो ऐकू आलं नसल्यासारखा माझ्याकडून पुन्हा ऐकतो. मेले दोघं सारखेच हट्टी!

बुधवार, ८ नोव्हेंबर

देस्पिना आज कॉफीची भांडी घासता घासता म्हणाली, "खरं सांगू आई? बाबा नाही म्हणाले असते ना, तर मी त्याच्याबरोबर ओहायोला निघून गेले असते. परत या दारात पाऊल टाकलं नसतं." आणि गळ्यात पडली.

माझी एकुलती एक पोर. मी घासलेलं भांडंच पुन्हा घासायला घेतलं.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

मीही आर्गीरिसशी अबोला धरलाय. त्याला पत्ताच नाही!

रविवार, १२ नोव्हेंबर, सकाळ

आले. कर्टिसच्या आईनं माझ्यासाठी फुलं आणलीयत. हसतेय बिचारी. कोठीत पिठाच्या पोत्यावर बसून लिहितेय. आर्गीरिसनं एप्रन काढला — रविवारी, ऐन नाश्त्याच्या गर्दीत! पनायिया माझे, मेरीमाते, सांभाळ गं!

रविवार, दुपार

त्यानं कर्टिसला सगळ्यांसमोर उभं केलं. "गेल्या रविवारी मी काय म्हटलं रे तुला?"

"नाही म्हणालात," कर्टिस म्हणाला.

मी तर गारच पडले.

"चार वर्षं इथे खातोय मी. उशिरा आलो की लिंबाचं सूप संपलं हे तुम्ही असंच सांगता." आणि हनुवटी उडवून दाखवली — हुबेहूब!

"मग बोंबललास कशाला?"

"म्हटलं, आठवडाभर तरी विचार कराल."

देस्पिना पांढरीफटक पडली. हातातली किटली टेबलावर ठेवून दाराकडे निघाली. आर्गीरिसनं तिच्याकडे पाहिलं — ऑगस्टनंतर आज पहिल्यांदा. या वेळी त्याची हनुवटी जागची हलली नाही. आमच्या ग्रीकमध्ये 'हो'ला एवढासाच शब्द आहे. कर्टिसकडे वळून तो म्हणाला,

"ने."