दोन मिनिटांचा नियम

६ फेब्रुवारी

ती. मावशीस,

कृ. सा. न. वि. वि. आणि यातला साष्टांग खरा आहे, कारण हे पत्र मी जमिनीवर पालथं पडून लिहिते आहे. टेबलावर आईने गणवेशांचे ढीग मांडलेत. सदतीस कोट, प्रत्येकाला सहा बटणं. मला कोपर टेकवायला जागा नाही.

तू फोनवर हो-हो करून विषय बदलतेस, म्हणून लिहावंच लागलं. आमच्या गुरुवारच्या मंडळात तू कधी येणार? संध्याकाळी सातला सगळे आपापल्या घरून पडद्यावर जमतो. येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेला वाचायचं शुभवर्तमान एकजण वाचतो, मिनिटभर सगळे गप्प बसतात आणि मग ज्याला जे लागलं ते त्याने सांगायचं. प्रवचन नाही, परीक्षा नाही. एकदा फादर आले होते. शेवटपर्यंत ऐकत बसले आणि जाताना म्हणाले की इतकी वर्षं मीच बोलत होतो, माझी माणसं काय म्हणतात ते आज कळलं. त्या वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ग्रंथालयात नोकरी करतेच आहे, पण त्या पदवीचं याहून मोठं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं. जे पुस्तक आपण तीन पिढ्या कपाळाला लावून फळीवर ठेवत आलो, ते शिवणाऱ्या, धुणाऱ्या, गाडी हाकणाऱ्या माणसांनी उघडावं आणि त्याला प्रश्न विचारावेत. हसू नकोस.

नियम एकच. प्रत्येकाला दोन मिनिटं. आमच्यात एक निवृत्त बसचालककाका आहेत, ते कुठलाही दाखला सगळे थांबे घेत घेत सांगतात. म्हणून मी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ शेजारी ठेवते. ते किरकिरलं की मी बटण दाबते आणि आवाज बंद. सगळ्यांना सारखा न्याय.

आणखी एक. आजोबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तू मिस्सेला शेवटच्या बाकावर बसतेस आणि ख्रिस्तप्रसादासाठी वेदीकडे जायला सगळे उठले की तू उठत नाहीस. याबद्दल विचारायचं नाही असं आईने मला बजावलंय, म्हणून मी विचारत नाही. फक्त तुझ्याकडे आले की मला दिसतं, एवढं कळवते.

उत्तर लांबलचक हवं. तुझ्यावर हक्क सांगणारी,
तुझी भाची


१४ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,

अ. उ. आ. पत्र पोचलं, घड्याळासकट.

आमच्या धुलाई विभागात मोठं यंत्र दोन दिवस बिघडलं होतं. अख्ख्या इस्पितळाच्या चादरी हाताने पिळल्या. माझ्या जोडीदारणीने तर जाहीर केलं की स्वर्गात पलंग असतील तर ती जाणार नाही. वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेने मला तिचा जुना टॅब दिलाय आणि तुमच्या मंडळात शिरायचं कसं तेही शिकवलंय. तिला वाटतं उरलेला वेळ मी त्यावर खेळ खेळणार आहे.

गेल्या गुरुवारी मी आले होते. तुला फक्त माझं कपाळ दिसलं असेल. बसचालककाका मला आवडले. चष्म्याच्या दुकानवाले मात्र इतके हळू बोलतात की त्यांचाच आवाज तू बंद केला आहेस असं वाटलं.

तू जे विचारलं नाहीस त्याचं उत्तर देते. एक गोष्ट आहे. ती ताईला, म्हणजे तुझ्या आईला सांगायची आहे. फादरांकडे पापनिवेदन केव्हाच केलं. त्यांनी क्षमाही दिली आणि म्हणाले की आता बहिणीला सांग. तेच जमत नाही. तिला न सांगता वेदीपाशी गेले तर कुणी अडवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझे पायच उठत नाहीत. समोर एकटी ताई असली की माझी जीभ टाळूला चिकटते. फोनवर तर तिचा श्वास ऐकूनच मी घाबरते. पंधरा माणसांत, ताई तुझ्या शेजारी आणि बाकी सगळी त्या छोट्या छोट्या चौकटींत बसलेली असताना, कदाचित बोलू शकेन.

ताईला यातलं काही सांगू नकोस. तिला म्हणावं सुईत दोरा ओवताना चष्मा लाव.

तुझी वाट पाहणारी आणि तुला भिणारी,
मावशी


२ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,

अ. उ. आ. आज चेष्टा नाही.

बोलले एकदाची. त्या दिवशी तू वाचायला काढलंस तेच नेमकं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मला वाटलं माझं नाव घेऊनच वाचताय.

सुरुवात कशी केली आठवत नाही. मग नऊ वर्षांचं सगळं बाहेर पडलं. मधे रडले, पदराने नाक पुसलं, पुन्हा बोलले. तू मला थांबवलं नाहीस. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार, तरी तू नियम बाजूला ठेवलास, हे मी विसरणार नाही. कुणी मधे बोललं नाही. बसचालककाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. तुमच्या मंडळातल्या परिचारिकेने हात जोडले. इतकी माणसं इतकी शांत राहून माझं ऐकू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी मी भांडी घासताना गुणगुणत होते.

पण आज नऊ दिवस झाले. ताई तुझ्या शेजारी टेबलाच्या कोपऱ्यावर बटणं लावत बसली होती, मी पाहिलं. तिने मान वर केली नाही. तेव्हापासून तिचा फोन नाही, निरोप नाही. या गुरुवारी मी मुद्दामच आले नाही. ती रागावली असेल तर तो तिचा हक्क आहे. पण काय म्हणाली ते मला सांग. रोज टपालाची वेळ झाली की यंत्राच्या आवाजातही मला फाटक वाजल्यासारखं वाटतं.

जे असेल ते लिही, साखर पेरू नकोस.
तुझी मावशी


६ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार करायलाही हात धजत नाहीत.

साखर पेरत नाही. मावशी, तुझं कुणी ऐकलं नाही. कुणीच. आईने नाही, मीही नाही.

तू सुरुवातीला वाचनाबद्दल आणि शेवटच्या बाकाबद्दल थोडं बोललीस आणि टोमॅटो किरकिरला. मी सवयीने बटण दाबलं आणि पुढचा कोण ते यादीत बघू लागले. मान वर केली तर तुझे ओठ हलत होते. मला वाटलं तू मनातल्या मनात प्रार्थना म्हणते आहेस. मग तू रडू लागलीस. तेव्हा बसचालककाकांनी हात वर केला. त्यांना सांगायचं होतं की बाईंचा आवाज बंद आहे, हे तुझं पत्र आल्यावर त्यांनाच विचारलं तेव्हा कळलं. मला वाटलं त्यांना पाळी सोडून बोलायचंय, म्हणून मी त्यांचाही आवाज बंद केला. बाकीचे रडणाऱ्या बाईला अडवायचं कसं म्हणून गप्प राहिले. तू थांबलीस तेव्हा परिचारिकेने हात जोडले, सगळ्यांनी जोडले, आणि मी पुढचं नाव घेतलं. पुढचं नाव, मावशी!

हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तू हसून हात हलवलास आणि गेलीस, आणि मला वाटलं की बरं झालं, वेळेत संपलं. सगळ्यांना बोलू द्यायचं म्हणून मी हे मंडळ काढलं, आणि माझ्या घरचं माणूस पहिल्यांदा बोललं तेव्हा मी घड्याळ पाहत होते.

आई रागावलेली नाही. तिला काही माहीतच नाही. तू आली नाहीस म्हणून गेल्या गुरुवारी तिने विचारलं की धाकटी बरी आहे ना. त्या दिवशी तू काय बोललीस ते मला सांगू नकोस. तो मान माझा नाही. पण तुझं बोलणं वाया गेलं असं समजून पुन्हा गप्प बसू नकोस, पाया पडते.

रागव, पण परकी करू नकोस.
तुझी भाची


१० मार्च

चि. एली महाराजांस,

अ. उ. आ. नवं नाव कसं वाटलं? बायबलमधली हन्ना आठव, मंदिरात प्रार्थना करत उभी होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे. तू निदान मला प्यालेली तरी समजली नाहीस.

तुझं पत्र मी घडी घातलेल्या चादरींच्या ढिगावर बसून वाचलं. आधी कानशिलं तापली. पंधरा माणसांसमोर तोंड हलवत बसले होते! मग तुझ्या बसचालककाकांचा आवाज बंद झाला तिथे आले आणि मी इतकी हसले की जोडीदारीण पाणी घेऊन आली. मग रडले. तिने पाणी तिथेच ठेवलं आणि गेली, शहाणी आहे.

मग मनात आलं, हन्नाचं ज्याला ऐकायचं होतं त्याने ऐकलंच होतं. माझंही ऐकलं असेल. नाहीतर ते गुणगुणणं आलं कुठून? आता राहिली ताई. एकदा बोलल्यामुळे माझ्या तोंडाला वाट माहीत झाली आहे, म्हणून सोबत एक पाकीट ठेवलंय. ते तिच्या हातात दे आणि तू दुसऱ्या खोलीत जा. घड्याळ घेऊन जा.

तुला परकी करायची असती तर एली म्हटलं असतं का?
तुझी मावशी


१६ मार्च

प्रिय धाकटीस,

अ. आ. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पोरीला म्हटलं तू लिही, तर ती नाही म्हणाली आणि दार लावून बसली.

तुझी चार पानं वाचली. शेवटच्या आठवड्यात बाबा रोज माझी चौकशी करायचे, तू रोज सांगायचीस की निरोप धाडलाय, ताई उद्या येते. आणि तू निरोप धाडलाच नव्हतास. एकटीने उशापायथ्याशी महिने काढलेस, आणि नाव मात्र माझं निघायचं, म्हणून राग आला, असं लिहिलंस. शेवटी धाडलास तोवर उशीर झाला.

मला राग आला. खोटं लिहीत नाही. त्या रागात एका कोटाची बटणं उलट्या बाजूला लावली. बाबांनी माझी चौकशी केली आणि मी तिथे नव्हते, हे काही केल्या भरून येणार नाही.

पण आता माझं ऐक. त्याच्या आधीच्या महिन्यात तुझी तीन पत्रं आली होती. ताई ये, मी थकले आहे. तिन्ही वेळा मी पुढच्या शनिवारी येते म्हणाले. कारखान्यात काम होतं, पण तेवढंच नव्हतं. मला तो वास, ते अंथरूण सोसत नव्हतं. तू आहेस ना, असं मी मनाशी म्हणत राहिले. पत्रं शिवणयंत्राच्या खणात आहेत, बॉबिनांच्या खाली. हे मी फादरांनासुद्धा सांगितलेलं नाही. मी मात्र दर रविवारी बिनदिक्कत पुढे जात होते आणि तू मागे बसून होतीस.

टोमॅटोचं घड्याळ आता अंडी उकडायला परत घेतलंय. काल मंडळातले गुरुवारऐवजी शुक्रवारी जमले होते. बसचालककाका तेहतीस मिनिटं बोलले. पोरीने हूं का चूं केलं नाही.

पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला, सकाळच्या गाडीने येते. त्याआधी फादरांना भेटून घेईन. शेवटच्या बाकावर माझ्यापुरती जागा धर. सगळे उठले की आपण उठू. तू पुढे चाल, तुझे पाय अडले तर मी मागे आहे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही. आहेच.
तुझी ताई