रस्सा गार झालाय

वारूळवाडी, बुधवार, २००७

टीव्हीवर हिंदीतून लागणारी कोरियन सिरीयल मला आवडते, कारण तिथल्या बायका दागिने घालून झोपत नाहीत आणि खरंच स्वयंपाक करतात. सासूबाईंना हिंदी कळत नाही, म्हणून मी त्यांना सगळं मराठीत सांगते, अधूनमधून पदरचंही घालून. आज मात्र हद्द केली. तिथली सासू सुनेला एवढंच म्हणाली, की रस्सा गार झालाय. आणि मी काय सांगावं? "आत्या, ती म्हणतीय, पोरी, तू कॉम्प्युटर शिकायला जा, घरचं मी बघते." महिनाभर विचारायची हिंमत होत नव्हती, आणि हे कसं तोंडातून गेलं कोण जाणे!

सासूबाई म्हणाल्या, "लई गुणाची बाई हाय. तुला बी जायचंय का नारायणगावला, क्लासला?"

मी नुसती मान हलवली.

"मंग जा की सोमवारपासनं."

नाचावंसं वाटलं. पण गार रश्श्यावर मिळवलेली परवानगी खरी धरायची का? सांगून टाकावं का? याच विचारात जेवायला वाढलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, वाटी पुढं सरकवली आणि त्या कोरियन सासूच्या थाटात, चक्क हिंदीत म्हणाल्या, "बहू, रस्सा ठंडा हो गया."

दोघी ठसका लागेस्तोवर हसलो. सोमवारी जाणार! पण अगं बाई, इतके दिवस मी त्यांना काय काय सांगितलंय!