तुम्ही न दिलेली प्रतिक्रिया

अहो, संजूचे बाबा,

जयभीम.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी माहेरी गेले तरी तुम्ही दोन दिवसांत तिकडच्याच गाडीवर ड्यूटी लावून घ्यायचे आणि कंडक्टरच्या पिशवीसकट दारात उभे राहायचे. आई म्हणायची, "जावई पाव्हणे काय, तपासनीस आले!" पण या आठवड्यात असं काही झालं आहे की तुम्हाला विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

तुम्ही पेपरात आलात.

बजेट झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमल आपली संत्र्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी तशीच सोडून पळत आली. "बाई! ओ बाई! भाऊ पेपरात आले न!" मला वाटलं, तिने दुसऱ्याच कुणाला पाहिलं. पान उघडलं. 'अर्थसंकल्पावर सर्वसामान्यांच्या प्रतिक्रिया'. एक कापडवाले, एक गृहिणी, कॉलेजातला एक पोरगा आणि खालच्या कोपऱ्यात तुम्ही. पेन्शनच्या कागदांना लावला होता तोच फोटो. खाली तुमचं पूर्ण नाव, ज्येष्ठ नागरिक, आणि तुमचं म्हणणं: 'करकपातीमुळे मध्यमवर्गाला मोठा दिलासा मिळाला असून या अर्थसंकल्पाचे मी मनापासून स्वागत करतो.'

अहो, तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं! तुम्ही कशाचं स्वागत करता?

खरं सांगू? आधी मला राग आलाच नाही. तोच फोटो आपल्या भिंतीवर आहे, पण भिंतीवरच्याला हार आहे. पेपरात हार नव्हता. चार जिवंत माणसांच्या बरोबर तुम्ही बसल्यासारखे दिसत होते. मी ते पान मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. कमल म्हणाली, "चांगले दिसून राहिले, नाई?" मी म्हटलं, "हो."

मग हळूहळू डोकं चालायला लागलं, आणि तेव्हापासून ते थांबलेलं नाही.

तुम्हाला राजू वार्ताहर आठवतो ना? दरवर्षी बजेटच्या दिवशी डेपोपुढच्या चहाच्या टपरीवर यायचा. अजून भाषणाला सुरुवात नाही, आणि हा म्हणायचा, "काका, स्वागतार्ह लिहू का निराशाजनक?" तुम्ही म्हणायचे, "लेका, पोळी तव्यावर पडू तर दे, मंग सांगतो कच्ची का जळली ते." तो हसायचा, चहा प्यायचा आणि त्याला पाहिजे ते छापायचा. तुम्ही पेपर माझ्याकडे द्यायचे. मी मोठ्याने वाचायची, आणि तुम्ही जेवता जेवता म्हणायचे, "मी असं बोललोच नाई. पण फोटो बरा आला."

म्हणून तर मी गोंधळले. पेपरातले शब्द कधी तुमचे नव्हतेच. मग या वर्षीचेच मला का टोचावेत?

बजेटचंही मला नीट समजलं नाही. तुम्ही असते तर निदान समजल्यासारखं वाटलं असतं. टीव्हीवर एकीकडे फटाके फोडत होते, दुसरीकडे एक बाई डोक्याला हात लावून होती. एक म्हणे, आजवर असं बजेट झालं नाही. दुसरा म्हणे, निवडणूक आली म्हणून साखर वाटली. मी पेपरातलं ते पान दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं फार चांगलं झालं, दुसऱ्यांदा वाटलं आपल्याला काय त्याचं.

संजूला फोन केला. तो तर आनंदात होता. अकोल्याला कंपनीत लागल्यापासून पहिल्यांदाच त्याचा टॅक्स जवळजवळ सगळा सुटला म्हणे. पोरीला चांगल्या क्लासला टाकणार आहे. मी विचारलं, "अन् माझं काय रे?"

"आई, तुह्यं त्यात काहीच नाई."

"काही नाही म्हणजे चांगलं का वाईट?"

तो हसला. "काही नाई म्हणजे काही नाई, आई." फोन ठेवल्यावर मी तशीच उभी राहिले. ज्यात आपलं काहीच नाही, त्यावर आपल्या घरातल्या माणसाने मनापासून स्वागत केलं आहे!

कमलचा गोंधळ तर माझ्याहून मोठा. ती म्हणते, "लोक म्हणते टॅक्स माफ झाला, टॅक्स माफ झाला. मी म्हटलं, मले कोणी पुसलंच नाई का तू भरत होती का. माह्या गाडीवर येऊन एक जण म्हणे, आता लोकायच्या हाती पैसा येईन, तुही संत्री जास्त खपतीन. अन् त्यानंच दोन संत्र्यांसाठी घासाघीस केली, बापा!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या वॉर्डात उभं राहणाऱ्या उमेदवाराची माणसं पत्रकं वाटत आली. पत्रकावर तुमचा फोटो! वर मोठ्या अक्षरांत 'वॉर्डातला सामान्य माणूस काय म्हणतो', आणि खाली तेच पेपरातलं वाक्य. मी त्या पोराला म्हटलं, "बाबू, हे माझे मालक आहेत." तो म्हणाला, "वा काकू! मंग तुमचं मत तर पक्कंच." आणि पुढच्या दारात गेला. मला तोंड उघडायलासुद्धा वेळ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी इंगळेभाऊ आले. तुमच्या गाडीचे ड्रायव्हर, आणि टपरीवर रोज तुमच्याशी भांडणारे. पत्रक हातात धरूनच आत आले. "वयनी, बुढा वर जाऊन पार्टी बदलला का?" म्हणाले. हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

मी चहा टाकला. ते म्हणाले, "टपरीवर काय चालू हाय माहीत हाय का तुमाले? काही जण म्हणते, तो पहिल्यापासून आतून तिकडचाच होता, आपल्यात बसून नाटक करे. मी म्हटलं, तोंड सांभाळा. पण सांगू काय त्यायले? छापलेलं हाय."

"तुम्हाला काय वाटतं, भाऊ?"

"मले काय वाटते? तो असता तर मी दोन शिव्या देल्या असत्या, त्यानं चार देल्या असत्या. आता मी कोणाशी भांडू, वयनी?"

चहा त्यांनी अर्धाच घेतला.

ते गेल्यावर मला कळलं की या वर्षीचे शब्द का टोचले. इतकी वर्षं राजूने काहीही छापलं तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही टपरीवर जाऊन म्हणू शकत होते, "मी असं बोललोच नाई." या वेळी तुम्हाला जाता येत नाही. नाटक करत होता, असं तुमच्याबद्दल कुणी म्हणालं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, असं कधी झालं होतं का?

पण मग उत्तर काय द्यायचं? इथेच मी अडले. सगळे मला तेच विचारतात, "भाऊ असते तर काय म्हटले असते?" कमल म्हणते, त्यांनी चांगलं झोडपलं असतं. पत्रकवाले म्हणतात, स्वागत केलं असतं. मला वाटलं होतं, एवढा जन्म एकत्र काढला, मला तरी माहीत असेल. मी डोळे मिटून तुमच्या तोंडात शब्द घालून पाहिले. शिव्या घातल्या, त्याही बसल्या. स्वागत घातलं, तेही बसलं!

कारण तुम्ही एकाच बाजूचे होते कुठे? सरकारला नावं ठेवायचे, आणि ज्या वर्षी पेन्शनवाल्यांचं थोडं बरं झालं, त्या वर्षी तुम्हीच जिलबी आणली. इंगळेभाऊंनी टोमणा मारला तर म्हणालात, "चांगल्याले चांगलं म्हणाले जीभ काहून जड व्हावी?" मागच्या सगळ्या बजेटांवर तुम्ही काय म्हणाला होतात ते मला सांगता येतं. हे बजेट तुमच्या नंतरचं. याच्यावरचं तुमचं मत जगात कुठेच नाही.

हे कळलं तेव्हा मात्र रडू आलं. वर्षभरात मी इतकी रडले नव्हते. तुम्ही गेलात म्हणजे नुसते उठून गेलात असं मी धरून चालले होते. आता नवीन काही घडलं की त्यावर तुम्ही काही म्हणणार नाही, हे मला बजेटने शिकवलं. आहे की नाही कमाल?

रविवारी संजू आला. मी पेपर आणि पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "उद्या मी त्या पेपरच्या ऑफिसात जाते. मेलेल्या माणसाच्या नावावर छापतात म्हणजे काय! कुणी सांगितलं त्यांना?"

त्याने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाला, "आई, मी सांगितलं."

तुमचा नंबर त्याच्याकडे आहे ना, बँकेचे मेसेज येतात म्हणून. राजूची मधे अकोल्याला बदली झाली होती, त्यामुळे तुम्ही गेलात हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. बजेटच्या दिवशी त्याने तुमच्या नंबरवर मेसेज टाकला, 'काका, या वर्षी काय लिहू?'

मी ओरडले. "तुला लाज नाही वाटली? बापाच्या नावाने?"

"मी 'बाबा गेले' असं टाइप करत होतो, आई. नाई झालं माह्याच्यानं. किती दिवसांनी त्या नंबरवर कोणी 'काका' म्हटलं होतं. मी म्हटलं, एक डाव उत्तर देऊन पाहू. माह्यासाठी बाबा खूशच झाले असते ना? मंग मी तेच लिहिलं."

अहो, पोरगा चाळिशीला आला, आणि तुमच्या फोनवरून तुम्हीच उत्तर देताय असं खेळून पाहिलं त्याने. मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसं वाटलं. तुमच्यासारखी मी नाही. एका वेळी दोन गोष्टी मला जमत नाहीत. मी त्याला जेवायला वाढलं.

जेवण झाल्यावर म्हटलं, "तुझ्यासाठी ते खूश झाले असते, हे खरं. पण तुझ्यासाठी खूश होणं आणि बजेटचं स्वागत करणं हे एकच आहे का? ते मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. आणि टपरीवर लोक त्यांना नाटकी म्हणतात."

टपरीचं त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "सगळ्यायले कळन, मी केलं ते."

"कळू दे. तू जिवंत आहेस, तुला उत्तर देता येतं."

मग त्याने तुमचा फोन काढला. मी शेजारी बसले. 'बाबा गेले' एवढे दोन शब्द लिहायला त्याला फार वेळ लागला. लिहायचा, पुसायचा. पुढे त्याने स्वतःच लिहिलं की ती प्रतिक्रिया त्यांची नव्हती, मी त्यांचा मुलगा, मी पाठवली होती. पाठवल्यावर फोन उलटा करून ठेवला.

लगेच राजूचा फोन आला. "काकू, मले कोणी सांगितलंच नाई हो. काका गेले अन् मी त्यायच्याकडूनच दिलासा छापला!" उद्याच दुरुस्ती छापतो, उमेदवाराच्या लोकांनाही सांगतो म्हणाला. मग सवयीने विचारलं, "पण काकू, काका असते तर खरं काय म्हटले असते? तसं लिहितो न मी."

माझ्या जिभेवर दोन्ही होतं. शिव्याही आणि जिलबीही. मी म्हटलं, "राजू, मला माहीत नाही. तसंच लिही. ते गेले, आणि यावर त्यांचं मत नाही."

"मंग तुमचं सांगा."

"माझं? मी दोनदा वाचलं, अजून समजलं नाही. माझ्या मुलाचं बरं झालं, याचा आनंद आहे. कमलच्या गाडीचं काय झालं, ते कुणी सांगत नाही."

"काकू, हे स्वागतार्ह का निराशाजनक?"

"मी सांगितलं तेवढंच लिही," म्हटलं. "आणि फोटो माझा नको. नुसतं नाव टाक."

आज छापून आलं. दुरुस्ती बोटाएवढी आहे, जाहिरातीच्या खाली. त्यात तुमच्या नावाआधी 'कै.' लावलं आहे. मी ते वाचलं. ज्या पेपरात जिवंत होतात, त्याच पेपरात तुम्ही पुन्हा गेलात. कमलने पान पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हे काहून केलं? फोटोतनी कसे चांगले दिसत होते." तिला काय सांगू? मलाही तेच वाटत होतं.

इंगळेभाऊंनी दुरुस्ती टपरीवर मोठ्याने वाचली म्हणे. नाटक म्हणणाऱ्यांपैकी एक जण उठून गेला, एक जण तसाच बसला. संजूला कुणी दोन शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतले.

बजेट चांगलं का वाईट ते मला अजूनही सांगता येत नाही. तेवढ्यात निवडणूक होईल, मी मत देईन, आणि तेही चुकू शकतं. पण ते माझं चुकेल.

तुम्हाला एक शब्द देते. यापुढे तुमच्या वतीने मी कुणाला काही सांगणार नाही. ना तुमच्या बाजूचं, ना विरुद्ध. संजूलाही सांगू देणार नाही. विचारतील त्यांना माझंच सांगेन, जेवढं समजलं तेवढं. तुम्ही काय म्हणाला असता, हे मात्र मी विचारत राहणार. दर वर्षी विचारणार. पण ते तुम्हालाच, दुसऱ्या कुणाला नाही.

तुमचीच,
सुमन