गोळ्यांचा शोधनिबंध

६ एप्रिल

जर्नलचं ऑफिस आता आमच्या स्वयंपाकघरात भरतं. डाव्या हाताला कुकर, उजव्या हाताला शोधनिबंधांचा ढीग. जो तो साथीवर लिहितोय – दातांचे डॉक्टर, हवामानवाले, एक तर पूल बांधणारा इंजिनियर! माझं काम एवढंच: निबंध आला की दोन परीक्षक गाठायचे, त्यांनी पास केला की छापायला पाठवायचा. एरवी याला आठ महिने लागायचे. संपादकमहाराज म्हणतात, "दहा दिवसांत उरका. जग वाट बघतंय." जगाने आमची वाट कधी बघितली होती?

९ एप्रिल

गोळ्यांचा निबंध आला. सांधेदुखीच्या जुन्या, स्वस्त गोळ्या. म्हणे त्यांनी निम्मे मृत्यू टळतात. तपासणीच्या आधीच कच्ची प्रत नेटवर टाकून मोकळे झालेत, कुणीही वाचा. औषधांच्या दुकानांपुढे रांगा. सगळं खुलं – फक्त आकडे सोडून. कुठल्या पेशंटचं काय झालं, ते तेवढं कुलपात.

१० एप्रिल

पहिल्या परीक्षकाचा अहवाल चार तासांत हजर! स्तुतीच स्तुती. शेवटी लिहिलंय – "गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत हे काम मैलाचा दगड ठरेल." भल्या माणसाने जुनाच अहवाल चिकटवलाय. महाराजांना सांगितलं, तर म्हणे, "गुडघा खोडा, बाकी चालेल."

१३ एप्रिल

दुसरा परीक्षक म्हणजे आमचा खडूस. स्वल्पविरामावरून भांडणारा माणूस. एका ओळीचं उत्तर आलं: "आकडे दाखवा, मग बोलू."

१५ एप्रिल

वहिनीला ॲडमिट केलं. ऑक्सिजनवर आहे. आत कुणालाच सोडत नाहीत. तिचा मेसेज – "वन्सं, तुमच्या मासिकात कधी कुणी माझ्या ओळखीचं आलं नाही. आता मीच येते." हसले, मग रडत बसले.

दादाचा फोन. "त्या गोळ्यांचं तुझ्याकडेच आलंय ना? डॉक्टर म्हणतात, तुम्ही सही करा, आम्ही देतो." काय सांगणार, कपाळ? तपासणीतलं बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. "थोडं थांब," म्हटलं.

"मी थांबेन गं. ती थांबेल का?"

१६ एप्रिल

महाराजांशी कडाक्याचं भांडण. दुसऱ्या जर्नलने आधी छापलं तर आपण हात चोळत बसू, म्हणून उद्याच छापायचं म्हणे. मी म्हटलं, आकडे उघडे केल्याशिवाय माझ्या हातून पुढे जाणार नाही. माझी वहिनी तिथे पडलीय.

"मग तर तुम्हालाच घाई हवी," म्हणाले.

त्यांना काय बोलावं, ते इथेही लिहिण्यासारखं नाही. लेखकांना कळवून टाकलं: आकडे सगळ्यांसाठी खुले करा, नाहीतर निबंध परत.

१८ एप्रिल

आले! कुणालाही बघता येतील असे. खडूसने जेवणाआधीच छडा लावला. गोळ्या घेतलेल्यांपैकी जे सुरुवातीलाच दगावले, त्यांना मोजलंच नाही. "उपचार अपुरा" म्हणून वगळले. त्यांना धरलं तर गोळ्या घेतलेलेच जास्त गेलेत, बहुतेक हृदयाचे ठोके बिघडून. मेलेल्यांना गैरहजर दाखवायचं आणि निकाल शंभर टक्के लावायचा! खडूसच्या पाया पडावंसं वाटलं.

नियम गेला खड्ड्यात. तडक दादाला फोन केला: सही करू नकोस.

"नक्की?"

"नक्की."

"बरं. तू म्हणतेस म्हणून."

निबंध परत पाठवला. महाराज सगळ्यांना सांगत सुटलेत, आपण कसे ठाम राहिलो ते.

२१ एप्रिल

वहिनीने आज दोन घास खाल्ले. जेवणाला चव नाही म्हणून नर्सशी वाद घातला. जिवात जीव आला.

२५ एप्रिल

वहिनी सकाळी गेली.

दादानेच फोन करून कळवलं. मग म्हणाला, "गोळ्या दिल्या असत्या तर?" मी त्याला आकडे सांगायला लागले. पाठ आहेत मला. त्याने सगळे ऐकून घेतले.

"बरोबरच असेल तुझं," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोनदा लावला. उचलत नाही.