पान एकशे बारावर तू उठलीस

प्रिय ताई,

तुला जाऊन सात महिने झाले आणि पत्र आज लिहितोय. आठवण दाटून आली वगैरे काही नाही, उगाच हुरळून जाऊ नकोस. काल शलाकाचा फोन आला. शलाका म्हणजे माझ्या पुस्तकाची पानं लावणारी मुलगी. मुलुंड स्टेशनजवळ जिचं दोन खुर्च्यांचं डीटीपीचं दुकान आहे, ती. तू तिला एकदाच भेटलीस आणि विचारलंस, दिवसभर त्या स्क्रीनकडे बघून डोळे नाही का गं दुखत?

ती म्हणाली, “काका, शेवटचं प्रूफ शुक्रवारपर्यंत ओके करून द्या. आणि तुमच्या मूळ कागदांवर जागोजागी पेन्सिलने ‘ता. उ.’ लिहिलंय, ते काय आहे? पुस्तकात घ्यायचंय का?”

नाही म्हटलं, फोन ठेवला आणि कागदांचा गठ्ठा काढून बसलो. ता. उ. म्हणजे ‘ताई उठली’. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, नाही का?

आता सांगतो. दोन प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं तेव्हा मी स्वतःच काढायचं ठरवलं. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर आठ म्हातारे बसतात, त्यातल्या तिघांनी आपापलं आयुष्य आधीच छापून घेतलंय. मी चौथा. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याला संपादक कुठला? घरात जो सापडेल तो! नंदिनीने पहिल्याच दिवशी हात वर केले. नवऱ्याचं आयुष्य एकदा जगून झालंय, परत वाचणार नाही म्हणाली. राहिलीस तू.

गणपती झाल्यावर आपण सुरुवात केली. रोज सकाळी अकराला मी वाचायचो, तू भाजी निवडत ऐकायचीस. पण तुझ्याकडून मत काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. कसं वाटलं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, छान आहे. बदलीचं प्रकरण छान, कँटीनच्या भांडणाचं प्रकरण छान, आपले अण्णा गेले तेही छान!

मी चौतीस वर्षं अंधेरीच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली. नमुना तोंडाने बोलत नाही, तो काय करतो ते बघायचं, हे मला तिथे शिकवलेलं. म्हणून मी तुझं तोंड सोडलं आणि तुझे पाय बघायला लागलो. तू ज्या वाक्याला उठून आत गेलीस, तिथे समासात टीप करायची. तारीख, वेळ, ता. उ., आणि कारण. बहुतेक ठिकाणी कारण एकच आहे, कुकर. माझा हिशेब सोपा होता. तू उठलीस म्हणजे मजकूर कंटाळवाणा, कापा!

हसू नकोस. पद्धत चांगली होती. बढतीच्या मुलाखतीची सहा पानं तुझ्यामुळे दीड पानावर आली. कँटीनचं भांडण तर संपूर्णच गेलं, आणि ते गेल्याचं दुःख माझ्याशिवाय कोणाला झालेलं नाही.

पण काल सगळ्या खुणा एकाखाली एक लिहून काढल्या, आमच्या जुन्या सवयीप्रमाणे. आणि काही खुणा मला खटकल्या.

पान एकतीस. मॅट्रिकचा पहिला पेपर. मी लिहिलं होतं, हॉलतिकीट घरी राहिलं होतं, पण प्रसंगावधान राखून मी वेळेत वर्गात बसलो. कसलं डोंबलाचं प्रसंगावधान! मी शाळेच्या फाटकाशी रडत उभा होतो. भटवाडीच्या चढावरून तू हॉलतिकीट घेऊन पळत आलीस. पाण्याच्या रांगेतून तशीच आली होतीस, एक चप्पल वाटेत कुठेतरी पडली होती. मी तिकीट घेतलं आणि आत गेलो. तू एका चपलेवर परत कशी गेलीस, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. त्या वाक्याला तू उठलीस, वेळ अकरा वीस.

पान सेहेचाळीस. कॉलेजात एकच पांढरा शर्ट होता, रोज धुऊन वापरावा लागे. असं लिहिलंय, जसा काही तो शर्ट स्वतःच जाऊन मोरीत बसायचा! ता. उ., अकरा पाच.

म्हणजे काय झालं होतं, कळलं? तू कंटाळून उठत नव्हतीस. जिथे तू असायला हवी होतीस आणि नव्हतीस, तिथे उठत होतीस. सगळ्या खुणा तशा नाहीत, हेही सांगतो. कँटीनच्या भांडणाला तू खरोखरच कंटाळली होतीस, त्या दिवशी तर आतल्या खोलीत जाऊन आडवी झालीस. मी उगाच तुझी देवी करत नाही.

‘कागदावर नाही म्हणजे घडलंच नाही.’ कंपनीत नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हे वाक्य ऐकवायचो. औषधाच्या बॅचची नोंद ठेवताना दुसरा देव नसतो. तू ते माझ्यावरच उलटवायचीस. आमटीत मीठ घातलंस का विचारलं की म्हणायचीस, “कागदावर लिहिलेला नाय, म्हणजे घालूक नसात.” मी हसायचो. तू किती वर्षं ते बोलत होतीस आणि मी फक्त आमटीचं समजत होतो.

आता पान एकशे बारा. टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नाही, शुक्रवार परवावर आलाय.

तिथे वाक्य असं आहे: ‘बोरिवलीचं स्थळ चांगलं होतं, पण त्यांच्याकडून नकार आला आणि ताईच्या लग्नाचा योग जुळला नाही.’ समासात माझ्या अक्षरात, ता. उ., कुकर, अकरा पस्तीस.

मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून दारामागे आहे, नंदिनीने काढलेलं नाही. टिपेवरची तारीख मी सहज त्यावर बघितली. एकादशी होती, ताई. एकादशीला आपल्याकडे कुकर लागत नाही. तुझी वऱ्याची भगर नेहमी पातेल्यात, आणि मी उपास नसताना ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणत त्यावर ताव मारायचो. त्या दिवशी कुठलीही शिट्टी झाली नाही. तू कुकर म्हणालीस आणि मी न बघता कुकर लिहिलं. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस!

दहा मिनिटांनी तू पाण्याचा तांब्या घेऊन आलीस. बसताना म्हणालीस, “सगळा तपासून घेतलंस मा रे?”

मला वाटलं, शुद्धलेखनाचं विचारतेयस. मी म्हटलं, “सगळं.”

“मग पुढे वाच,” म्हणालीस.

काय घडलं होतं ते आता लिहितो. बोरिवलीहून ते ड्रॉइंगचे मास्तर तुला बघायला आले, आईला आणि बहिणीला घेऊन. आई आपली तेव्हा गेलेली होती, अण्णा अर्धांगाने अंथरुणावर. मास्तरांनी अण्णांच्या उशाशी बसून गप्पा मारल्या. तुला विचारलं, गोराईला कधी गेलायत का? मी दर रविवारी तरीने जातो, होड्यांची चित्रं काढायला. तू नाही म्हणालीस, पण मान वर करून म्हणालीस. ते मी बघितलं होतं.

मी त्यांना बसस्टॉपवर सोडायला गेलो. मास्तरांच्या आईने विचारलं, मुलगी आम्हाला पसंत आहे, पुढचं कधी बोलायचं? आणि मी म्हटलं, इतक्यात नको. वडिलांना बघायला दुसरं कोणी नाही, दोन-तीन वर्षं तरी तिचा स्वतःचाच विचार नाही.

तिचा विचार! तुला विचारलं कोणी होतं? महिन्याभराने मला कंपनीच्या ट्रेनिंगला बडोद्याला जायचं होतं. अण्णांची कूस कोण बदलणार, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता. घरी येऊन मी सांगितलं, कळवतो म्हणाले. पंधरा दिवसांनी सांगितलं, नकार आला. तू बरं म्हणालीस आणि अण्णांचं अंग पुसायला घेतलंस. अण्णा नऊ वर्षं तसे होते. त्यानंतर तुला कोण बघायला येणार होतं?

तुला हे कधी कळलं? कोणी सांगितलं, की पहिल्या दिवसापासून माहीत होतं? एकदा फक्त मला शंका आली होती. आपण नंदिनीला घेऊन गोराईला गेलो होतो, तुला साठ पूर्ण झाली त्या वर्षी. तरीतून उतरलीस आणि जेट्टीवर एका जागी थांबून राहिलीस. म्हणालीस, “हय बसान चित्रां काढत असतले.” मी विचारलं, कोण? “मरांदे,” म्हणालीस आणि चालायला लागलीस. मीही मरू दिलं. मला ते सोयीचं होतं.

मला लाज वाटते, ताई. हे इतकंच आहे, याच्यापुढे शब्द वाढवले तर पुन्हा ते माझंच प्रकरण होईल. पण माझी एक तक्रारही आहे. तू एकदा तरी भांडायला हवं होतंस. भाजी बाजूला सारून म्हणायचं, हे खोटं आहे, खोड. मी काही तुला खायला उठलो नसतो! उठून आत गेलीस, आणि ते मी कंटाळ्यात जमा केलं.

काल नंदिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एकदा छापलंस की पुसता येणार नाही हं.” मी म्हटलं, आमच्याकडे पुसायची पद्धतच नव्हती.

खरंच नव्हती. बॅचच्या नोंदीत चूक सापडली तर खोडरबर नाही, सफेदा नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं लिहायचं, सही करायची. चूक काय होती आणि कोणी केली, ते पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे.

आज सकाळी शलाकाकडे जाऊन बसलो. एकतीस आणि सेहेचाळीस नव्याने लिहून दिली. तू पळत येतेस, तू शर्ट धुतेस, चप्पलही आहे. एकशे बारावरचं वाक्य मात्र काढायचं नाही म्हटलं. ते तसंच छापायचं, वर रेघ मारून. त्याखाली बसस्टॉपवर मी जे बोललो ते शब्दाला शब्द, आणि शेवटी माझी सही.

ती म्हणाली, “काका, खोडलेलं वाक्य छापलं तर लोकांना वाटेल प्रूफ बघितलंच नाही.”

“बघितलंय,” मी म्हटलं, “म्हणूनच ते तिथे आहे.”

तिने दोनदा वाचलं आणि रेघ मारली. प्रकाशक असता तर त्याने हे चालवून घेतलं नसतं. स्वतः पुस्तक काढण्याचा हा एक फायदा.

नावही बदललंय. ‘माझ्या हिमतीवर’ हे नाव तुला सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, “झकास आहे, तुला शोभतं.” मी ते दोन दिवस कौतुक म्हणून मिरवलं! नवं नाव अजून सुचलेलं नाही. शलाकाने त्यासाठी सोमवारपर्यंत मुदत दिलीय.

आता वचन. पुस्तक आलं की कट्ट्यावर वाचन ठेवायची रीत आहे. तिघांनी आपापल्या सत्काराची पानं वाचली होती. मी पान एकशे बारा वाचणार आहे, मोठ्याने, रेघेखालच्या वाक्यासकट. कोणाला उठून जायचं असेल त्याने जावं, मी टीप करणार नाही. पण पान संपेपर्यंत मी उठणार नाही.

तपासलं.

तुझा,
बाबू